झुंबराचा दर

बुधवारी सकाळी सुबोध दुधाची पिशवी कापत असताना फोनवर निरोप आला : ‘काका, दरपत्रक बघितलं. आम्हाला झुंबर हवंय.’ कात्री जरा जास्तच चालली आणि अर्ध्या लिटरातलं पाव लिटर ओट्यावरून खाली उतरलं. तो फडकं आणायला गेला नाही. मुलुंडच्या त्या घराला उतार मोरीकडे होता, तेव्हा दूध आपल्या पायाने योग्य ठिकाणी पोचणार याची त्याला खात्री होती. त्याने निरोप पुन्हा वाचला. चुकून दुसऱ्या कोणाचा आला असेल म्हणून नंबर बघितला. मग त्याच्या मनात आलं, की या बाईला खरोखरचं झुंबर हवं असेल, दिव्यांचं, हॉलमध्ये टांगायचं. पण वर ‘दरपत्रक’ असा शब्द होता, आणि दरपत्रक त्याचंच होतं. नऊ वर्षांत झुंबर कोणी मागितलं नव्हतं. मागू नये अशीच व्यवस्था होती.

सुबोध लोकांच्या आईवडलांची पुस्तकं करून द्यायचा. कोणाची पंचाहत्तरी आली, कोणाचं सहस्रचंद्रदर्शन आलं की मुलं जागी होतात, हॉल ठरवतात, जिलबी की गुलाबजाम यावर आठवडाभर भांडतात, आणि मग कोणाला तरी आठवतं की बाबांवर एक पुस्तक हवं, आलेल्यांना वाटायला. अंधेरीच्या जाहिरात कंपनीने त्याला निरोपाचा गुच्छ दिला तेव्हापासून तो हे करत होता. चित्रं काढायचा, फोटो साफ करायचा, पानं लावायचा. काम त्याला येत होतं. येत नव्हतं ते पैसे सांगणं. आकडा सांगताना त्याचा चेहरा बस चुकलेल्या माणसासारखा होई. समोरच्याने नुसतं ‘अं’ म्हटलं की हा दोन हजार कमी करी. बोरिवलीला एकदा चार हजार कमी केल्यावर लक्षात आलं, की त्या गृहस्थांना फक्त ठसका लागला होता.

ते ऐकून उत्तरा इतकी हसली होती की तिलाच ठसका लागला. ‘आता मला किती कमी करतोस?’ उत्तरा त्याची बायको. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, लिहायचं म्हणून. काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं. ‘लोक सांगतील ते,’ असं ती म्हणे. लोक सांगतही. जिन्यात भाजी घेऊन उभी राहिली की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तिला आपलं माहेर सांगत, कुरिअरवाला आपल्या मेहुण्याचं लफडं सांगे. तिच्या तोंडावर काय होतं कोण जाणे. माणूस तिच्याशी बोलू लागला की मागच्या दहा वर्षांपासून सुरुवात करी. तर ठसक्याच्या त्या प्रकरणानंतर तिने त्याची शिकवणी लावली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी समोर बसायची, मांडीवर पर्स घेऊन, कारण गिऱ्हाईक पर्स खाली ठेवत नाही. ‘बोला. काय घेता तुम्ही?’ तो आकडा सांगे. ती चष्म्यावरून बघे. ‘अहो, आमचा भाचा हे कम्प्युटरवर फुकट करतो.’ तो हसे. ‘हसू नकोस रे! भाचा सगळ्यांना असतो. आकडा सांगितलास ना? आता पाणी पी. तोंडात पाणी असलं की माणूस स्वतःहून सवलत देत नाही.’ त्या वर्षी सुबोधच्या तब्येतीत बरीच सुधारणा झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी चांगलं पिता तुम्ही.

पण तोंडाने सांगण्यापेक्षा कागदावर पाठवणं बरं, हे शेवटी दोघांनाही पटलं. एका पानावर तीन रकाने. नावं उत्तराने दिली. अमृतमहोत्सवाला दिव्यांनी ओवाळतात, म्हणून पहिलं ‘पणती’ : सोळा पानं, फोटो तुमचे, अठरा हजार. दुसरं ‘समई’ : चाळीस पानं, चित्रं, प्रत्येक फोटोखाली दोन ओळी, चाळीस हजार. आणि तिसरं ‘झुंबर’ : शंभर पानं, ‘लेखन : उत्तरा. लेखिका आपल्या घरी येऊन चार बैठकांत आजी-आजोबांचं सगळं ऐकून घेतील,’ एक लाख पाच हजार. पाच कशाला, असं तिने विचारलं होतं. तो म्हणाला, नुसता लाख उगाच सांगितल्यासारखा वाटतो. वर पाच असले की हिशोब करून काढल्यासारखा वाटतो. हिशोब त्याने केलाच होता, फक्त तो वेगळा होता. जाहिरात कंपनीत तो हेच शिकला होता. विकायचं असतं ते मधलं. शेजारी एक डोळे पांढरे करणारा आकडा उभा केला की मधला आकडा घरातल्यासारखा वाटू लागतो. मध्यमवर्गीय माणूस पणती घ्यायला लाजतो, झुंबराकडे बघून ‘बापरे’ म्हणतो आणि समई घेऊन समाधानाने घरी जातो. नऊ वर्षं मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत समयाच लागत गेल्या. उत्तराला त्याने सांगितलं होतं, की तुझं लिखाण वरच्या वर्गात ठेवू, त्याचा मान राहील. तिच्या नावासाठी अक्षरं त्याने स्वतः काढली होती, वळणदार, थोडी सोनेरी. ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली होती आणि म्हणाली होती, ‘छान दिसतंय रे नाव.’ तेव्हा तिला ते मानाचं वाटलं होतं. वाटलं होतंच. या एका गोष्टीवर सुबोध गेले चौदा महिने झोपत होता.

दूध मोरीत पोचलं. फोन वाजला. ‘काका, मी अक्षता. दिंडोशीहून. आता मेसेज केला तो माझाच.’ आवाज तरुण, घाईतला, मागे ऑफिसचा कालवा. आजोबांना एक्याऐंशी पूर्ण होतायत म्हणाली. सुबोधच्या तोंडून जे निघालं ते नऊ वर्षांत कधी निघालं नव्हतं. ‘समई बघितलीत का तुम्ही? समईत चित्रं आहेत. बहुतेक लोक समईच घेतात.’

‘बघितली ना. झकास आहे. पण समईत कोणी येऊन बसत नाही ना, काका. आमच्याकडे फोटोच पाच आहेत. त्यातल्या दोनात आजोबा मागे उभे आहेत, दिसतच नाहीत. आजोबांकडे नुसतं बोलणं आहे. आणि घरात ऐकायला वेळ कोणाला?’

‘किंमत जरा...’

‘जास्त आहे,’ ती चटकन म्हणाली. ‘मी, दोन काका आणि आत्या, चौघं मिळून करतोय. पण तुम्ही एवढी लावलीय म्हणजे त्या बाई तशाच असणार, असं आई म्हणाली. रविवारी येतील का उत्तराताई?’

सुबोध पाणी प्यायला नाही. ‘हो,’ म्हणाला.

नंतर फरशी पुसताना त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो, पण ते आज बोललो असं नाही. उत्तरा गेल्यापासून ते पान एकतीस जणांना पाठवलं होतं. एकतीस घरांत उत्तरा येऊन चार बैठका मारणार होती. पहिल्या महिन्यात त्याने तिसरा रकाना काढून बघितला होता. दोन रकान्यांचं पान बोडकं दिसतं, असं त्याचं मत पडलं. शिवाय पुढच्या पाचही गिऱ्हाइकांनी पणती घेतली. समईच आता सगळ्यात महाग, त्यामुळे समईकडे बघून लोक ‘बापरे’ म्हणू लागले. सहाव्याला त्याने झुंबर परत लावलं, सोनेरी अक्षरांसकट, आणि सहाव्याने समई घेतली. त्या दिवशी त्याला बरं वाटलं होतं. धंदा सावरला म्हणून, की उत्तरा पानावर परत आली म्हणून, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आता फरशी पुसतानाही सांगता येईना. गेलेल्या माणसाचा फोटो लोक भिंतीवर लावतात, हार घालतात. त्याने दर लावला होता.

रविवारी तो बसने निघाला. बरोबर तीन जुन्या समया घेतल्या होत्या, नमुना म्हणून. बेत सोपा होता : जायचं, लेखिका सध्या उपलब्ध नाहीत असं सांगायचं, समई दाखवायची, चाळीस हजारांत काम घ्यायचं, चहा प्यायचा. ‘उपलब्ध नाहीत’ हा शब्द त्याला आवडला होता. त्यात खोटं काही नव्हतं. बस पवईच्या चढाला लागली तशी त्याने मांडीवरची समई उघडली. पान बावीस. स्कूटरवर बसलेले एक सप्रे, आणि खाली उत्तराच्या दोन ओळी : ‘हप्ते संपले तेव्हा स्कूटरही संपली होती. पण मधल्या पाच वर्षांत दोघांनी सगळं ठाणं पाहिलं.’ सप्र्यांकडे फोटो आणायला म्हणून ती दुपारी गेली होती आणि दिवेलागणीला परतली होती. आल्या आल्या चपला न काढता सांगत सुटली. अरे, तो माणूस बायको वारल्यावर चार वर्षं रोज ती नोकरीला होती त्या बँकेच्या दारापर्यंत स्कूटर घेऊन जायचा, सुबोध, आणि परत यायचा, कोणाला सांगितलं नाही त्याने, मला सांगितलं. सुबोध तेव्हा समास बसवत होता. ‘दोन ओळींत बसव,’ तो म्हणाला होता. समईत दोनच ओळी होत्या. तिने स्कूटर बसवली. चार वर्षं बसली नाहीत. तो बसच्या खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर तलाव होता आणि तलावाकाठी फ्लॅटच्या जाहिराती : एक, दोन आणि तीन बेडरूम. लोक मधला घेत असणार.

त्याला हॉस्पिटलातलं काउंटर आठवलं. आठवू नये म्हणून तो चौदा महिने दुसऱ्या रस्त्याने फिरायला जात होता. काउंटरवरच्या मुलीने नीट, सभ्यपणे, प्लॅस्टिकच्या आवरणातला एक कागद पुढे सरकवला होता. तीन रकाने. सुबोधने वाचलाही नाही. बोट आपोआप मधल्यावर गेलं. मागे व्हीलचेअरवर उत्तरा होती, पोट धरून, चेहरा खडूसारखा. तिने मान लांब करून कागद बघितला. ‘समई घेतलीस?’ म्हणाली. आणि हसली. काउंटरवरची मुलगीही हसली, का ते न कळता. पुढे सगळं मिळून अकरा दिवस. मधल्या वर्गात एका खोलीत दोन खाटा असतात. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने सातव्या दिवसापर्यंत उत्तराला आपल्या तिन्ही सुनांचं सगळं सांगून टाकलं होतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते की खोलीने काही फरक पडला नसता. सुबोधला ते पटलं होतं. पटलेल्या गोष्टी माणसाला जागं ठेवीत नाहीत असा त्याचा आधी समज होता.

दिंडोशीच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. अक्षता पुढे आली, आणि त्याच्या मागे जिन्यात बघू लागली. आत दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर नवी उशी. आजोबांचं नाव धाकू. वयाची तीस वर्षं गिरणीत, उरलेली गिरणीबद्दल बोलण्यात. आज गुळगुळीत दाढी, पांढरा कडक शर्ट, वरचं बटणही लावलेलं. कानाला कमी येत होतं आणि बोलणं अजून मालवणी होतं, त्यामुळे पाहुणा आला की अक्षता मध्ये बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायची, बँकेतल्या खिडकीसारखी.

‘बाय खंय हा?’ धाकूआजोबांनी विचारलं.

‘आजोबा विचारतायत, ताई कुठे आहेत.’

‘आज त्या उपलब्ध नाहीत,’ सुबोध म्हणाला.

‘आजोबा, ती आज येवक नाय!’ अक्षता ओरडली.

‘आज नाय तर फाल्या येयत,’ आजोबा म्हणाले. ‘माका खंय जावचा हा?’

हे तिने सांगितलं नाही. तिने चहा आणला, बरोबर खोबऱ्याच्या वड्या, दोन बश्या. दुसरी बशी थोडा वेळ हातात धरून तिने ती उशीच्या खुर्चीपुढेच ठेवली. सुबोधने समया काढल्या. तिने आदराने चाळल्या. स्कूटरपाशी हसली. ‘हे त्यांनी लिहिलंय? भारीच. पण काका, ही समई झाली ना. एखादं झुंबर आणलं असतंत तर दाखवलं असतं आजोबांना. किती जाड होतं ते.’

‘झुंबर अजून एकही झालेलं नाही.’

‘म्हणजे आम्ही पहिले?’ तिचा चेहरा एकदम उजळला. ‘आई, ऐकलंस का गं? आपण पहिले!’ आणि त्याच्याकडे वळून, ‘मग ताईंना पण किती आनंद झाला असेल ना?’

बेतात हा प्रश्न नव्हता. सुबोधने वडी उचलली आणि परत ठेवली. ‘ती नाही आता,’ तो म्हणाला. ‘चौदा महिने झाले. माझी बायको होती ती.’

आतल्या खोलीतली भांडी थांबली. आजोबा एकदा नातीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. ‘काय म्हणता तो?’

‘आजोबा, ती बाय गेली.’

‘खंय गेली?’

‘मेली, आजोबा! मेली ती!’

चौदा महिन्यांत सगळ्यांनी त्याच्याशी फार जपून शब्द वापरले होते. दुःखद, अकाली, देवाघरी. इतक्या मोठ्याने, बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं, कोणी बोललं नव्हतं. बोलून अक्षताच दचकली. मग तिला राग आला. तो आधी कानांवर आला आणि मग आवाजात. ‘काका, आम्ही महिनाभर बोलतोय यावर घरात. आजोबांनी काय काय सांगायचं ते पाठ केलंय. तुम्ही फोनवर सांगायचं ना. त्या कागदावरून काढायचं ना नाव.’

‘हो. काढायला हवं होतं.’

‘आणि झुंबर कधी केलंच नव्हतंत, तर तेवढी किंमत कशी ठरवली?’

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ती अकाउंट्समध्ये होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सुबोधला तीन-चार उत्तरं तयार येत होती : वेळ, अनुभव, लेखिकेचा दर्जा. नऊ वर्षांपूर्वी ती दोघांनी मिळून घोटली होती. ‘कोणी घेऊ नये अशी ठरवली,’ तो म्हणाला.

आजोबांनी कानामागे हात धरला. अक्षता नाइलाजाने वाकून ओरडली. ‘दर मुद्दाम असो लावल्यानी, आजोबा, की कोण घेवचाच नाय!’

म्हाताऱ्याने हे तोंडात घोळवलं. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. ‘कित्याक?’

सुबोध थेट त्यांच्याशीच बोलू लागला, त्यांना ऐकू जात नाही हे माहीत असल्याने कदाचित सोपं गेलं. मधलं विकलं जावं म्हणून. एकदा तिने विचारलं होतं, पाचेक वर्षं झाली असतील. डाळिंब्या सोलत होती. म्हणाली, साठ करूया का रे माझे? साठाला कोणीतरी घेईल, मला एक तरी लिहायला मिळेल. मी म्हटलं, साठ केले तर चाळीसवाला अठरावर येईल. हे तो अजून कोणाला बोलला नव्हता, स्वतःलाही नाही. स्वतःशी तो नेहमी सोनेरी अक्षरांपाशीच थांबत असे. अक्षता प्रत्येक वाक्य पुढे पोचवत होती. तिचा राग कुठे गेला होता कोण जाणे, पण आवाज मोठाच ठेवावा लागत होता, त्यामुळे साठ, चाळीस आणि अठरा खोलीभर दणाणत राहिले.

‘मगे?’ आजोबा म्हणाले. ‘तिना काय म्हटल्यान?’

‘बरं म्हणाली.’

‘आणि?’

‘आणखी काही नाही. डाळिंब्या सोलत राहिली. नंतर कधी विषय काढला नाही.’

धाकूआजोबांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. समोरच्या उशीकडे बराच वेळ बघितलं, जणू तिथे बसलेल्या कोणाची परवानगी घेत होते. ‘बरां म्हटल्यान आणि गप ऱ्हवली?’ ते हळूच म्हणाले. ‘मगे तिका कळलला.’

अक्षताने सवयीने, पाहुण्याला समजावं म्हणून, त्याच्याकडे वळून ते पुन्हा सांगितलं.

‘आजोबा म्हणतायत, त्यांना कळलं होतं.’

‘हो,’ सुबोध म्हणाला. ‘एवढी मालवणी मला येते.’